बारा कपडे, तीन जोड आणि हेमांगीचा मोरपंखी

शपथ घेऊन सांगते, आणि साधीसुधी नाही, माझ्या तोंडात उरलेल्या पाच दातांची शपथ. यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर पाचही दात एका भाकरीत अडकून पडोत आणि जन्मभर मला ताक पिऊन राहावं लागो. झालं समाधान? आता ऐका, आणि मध्ये बोलू नका, कारण मला अजून राग येतोय.

आमच्या इचलकरंजीत हेमांगी तारळेकर म्हणून एक बाई आहे. रंगकारखान्यात शेडमास्तर. शेडमास्तर म्हणजे काय, तर गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीचा रंग आणि टाकीतून निघालेल्या कापडाचा रंग जुळला का, ते सांगणारं माणूस. उत्तरेच्या खिडकीत दोन्ही चिंध्या धरायच्या, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, पिवळा चिमूटभर जास्त झालाय. त्यासाठी यंत्रंही आली. पण हेमांगीचा डोळा चुकला, असं अजून एकाही यंत्राला म्हणता आलेलं नाही.

अशा बाईच्या घरात ते कपाट आलं. गावात त्याला बाराचं कपाट म्हणायचे. कंपनीचं म्हणणं असं, की बाईकडं साठ साड्या आणि चाळीस ड्रेस असतात, तरी रोज सकाळी घालायला काही नसतं. त्यापेक्षा बारा कपडे आणि चपलांचे तीन जोड ठेवा, बास. कपडे वर्णसुताचे; आम्ही त्याला सरडासूत म्हणतो. धाग्यात डोळ्याला न दिसणारे दाणे असतात. कपाटातल्या दांडीला कपडा टांगला की बारीकशी वीज जाते, दाणे कूस बदलतात आणि पांढरा टांगलेला कुडता जांभळा होऊन बाहेर येतो. पुन्हा टांगेपर्यंत तोच रंग. चपलांचंही तसंच. एक जोड कामाचा, एक चालायचा, एक कार्याचा. रंग बदलणार, आणि टाच लागेल तशी वर, लागेल तशी खाली.

रंग निवडायला ते कपाटच मदत करायचं. तुमची कातडी बघायचं, तुम्ही काय मागता आणि काय न घालता परत ठेवता ते बघायचं. मग सुचवायचं: तीन मुळाचे रंग, जे कशाबरोबरही चालतात. दोन जोडीचे. आणि एक उठावाचा, जो बघून समोरची विचारते, कुठून आणलंस गं? डांबरगोळीचा वास आला की ते कपाट शिंकायचं. हसताय काय, मी या कानांनी ऐकलंय.

हेमांगीनं पहिला महिनाभर त्याच्याशी वाद घातला. तुझा गुलाबी आजारी आहे म्हणाली, तुझा नारिंगी औषधाच्या गोळीसारखा आहे म्हणाली. शेवटी दोघांचं जमलं. मुळाचे रंग गडद निळा, मातकट आणि मोतिया. जोडीचे डाळिंबी आणि हळदी. आणि उठावाचा मोरपंखी. तिच्या नवऱ्याला, मकरंदला, रंगातलं ओ की ठो कळायचं नाही. पण बायको मोरपंखी नेसली की तो एक चपाती जास्त खायचा. जिन्यात तिच्या टाचा वाजल्या की आतनं म्हणायचा, आली वरात.

गणपती उठले आणि चौथ्या दिवशी मकरंद गेला. चहाचा कप हातात होता, सांडलासुद्धा नाही.

आता घरातली सगळी यंत्रं एकमेकांना बांधलेली असतात, ते तुम्हाला माहीत आहे. मृत्यूची नोंद झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाची पिशवी एक कमी यायला लागली. पाण्याची टाकी कमी भरायला लागली. कपाटानंही काहीतरी केलं, पण ते हेमांगीला कळलं नाही. पुढ्यात येईल ते अंगावर घालत होती बिचारी. तेव्हा कुणाला रंग दिसतात?

मग लेकीचं, ईशानीचं लग्न काढलं. बाप गेला की वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. माघातली तारीख धरली. ईशानी आईला एवढंच म्हणाली, की माझ्या केळवणाला तू मोरपंखी नेसायचीस आणि टाचा वाजवत यायचंस, बाबा असते तर त्यांनी तेच मागितलं असतं. आईनं शब्द दिला.

केळवणाच्या चार दिवस आधी हेमांगीनं साडी टांगली आणि मोरपंखी मागितला. साडी बाहेर आली. तिनं उत्तरेच्या खिडकीत धरली आणि बघतच राहिली. म्हणाली, "हा मोरपंखी नाही. मोर मेल्यावरचा रंग आहे."

पुन्हा टांगली, तोच राखट रंग. डाळिंबी मागितला, विटकरीची धूळ आली. हळदी मागितला, शिळा भात आला. कार्याचा जोड घेऊन टाच वर करायला गेली, तर टाच जमिनीला चिकटलेली. आणि वर त्या कपाटाचा गोड आवाज, की या रंगात तुम्हाला जास्त बरं वाटेल.

"तुला कुणी सांगितलं?"

"आपल्यासारख्या महिलांची हीच पसंती आहे."

"आपल्यासारख्या म्हणजे कसल्या?"

मेल्या कपाटाला शिंकायला येत होतं, पण तो एक शब्द उच्चारायला येत नव्हता.

हेमांगी तशीच उठून कोल्हापूरला कंपनीच्या दुकानात गेली. तिथं मैथिली शेटे नावाची इंजिनिअर होती, ईशानीच्याच वयाची. तिला वाटलं, दांडीत बिघाड असेल. हेमांगी म्हणाली, दांडी चांगली आहे, अक्कल बिघडलीय, आणि ती कुणी घातली ते मला बघायचंय. मैथिलीनं पडद्यावर कपाटाची आतली वही उघडली आणि तिचा चेहरा उतरला. विधवेला रंग देऊ नका, असं कुणीही कपाटाला सांगितलेलं नव्हतं. झालं होतं असं, की विकायला काढण्याआधी कंपनीनं इचलकरंजीतल्याच दोनशे घरांत नुसते डोळे असलेली कपाटं वर्षभर फुकट ठेवली होती. घरातले साधेच कपडे, कोण काय काढतं आणि काय परत ठेवतं, एवढं बघून शिकायला. त्या वर्षात सहा घरांतले कर्ते पुरुष गेले. त्यातल्या पाच घरांत बायकांचे रंग हळूहळू खालच्या कप्प्यात गेले. कपाटानं ते पाहिलं आणि गिरवलं.

"मग ते बंद करायचं बटण दाब," हेमांगी म्हणाली.

"बटण नाहीये मावशी. ते वळण आहे. लहान मुलाला लागतं तसं. ते काढायचं तर सगळं पुन्हा शिकवावं लागेल, आणि शिकवायला घरं तीच आहेत."

नावं दाखवायची तिला परवानगी नव्हती. नुसत्या ओळी दाखवल्या. एका घरातल्या ओळी संपतच नव्हत्या. हिरवी साडी बाहेर, हिरवी साडी परत. हिरवी साडी बाहेर, हिरवी साडी परत. महिनोन् महिने. एक हात काढत होता आणि दुसरा हात ठेवायला लावत होता. शेजारी त्या हिरव्याचा शेडनंबर, म्हणजे नेमक्या छटेचा आकडा, होता. हेमांगीनं तो वाचला आणि खुर्चीत बसली. तो हिरवा तिनंच एकदा, एकाच साडीसाठी बनवला होता. रेवतीच्या लग्नात द्यायला.

रेवती म्हणजे अक्काताईंची सून. अक्काताई म्हणजे हेमांगीची चुलत सासू, दोन गल्ल्या पलीकडं राहणारी. रेवतीचा नवरा गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

त्या संध्याकाळी हेमांगी कारखान्यात गेली. वर्णसुताला साठ अंशांपुढं गरम करू नये, असं प्रत्येक कपड्यावर लिहिलेलं असतं. तिनं बाराही कपडे उकळत्या टाकीत घातले. दाणे मेले, सगळे कपडे ताकासारखे पांढरे झाले. मग तिनं हातानं रंग कालवला. मुळाचे तीन, जोडीचे दोन, उठावाचा एक, एकेक कपडा खिडकीत धरून धरून. असा पक्का, की आता जगातल्या कुठल्याच विजेनं तो हलणार नाही. चपलांचे तिन्ही जोड कपाटातच ठेवले आणि चांभाराकडून कोल्हापुरी बनवून घेतली, तळात करकर बसवलेली. तो म्हणाला, वहिनी, ही पुरुष घालतात. ती म्हणाली, मग दुप्पट करकर बसव.

केळवणाला पंगत बसली होती आणि जिन्यात कर्र कर्र वाजायला लागलं. ईशानी पानावरनं उठून दाराशी गेली. मोरपंखी असा, की आमटीसुद्धा फिकी दिसावी. ईशानी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. सगळ्यांनी माना पानात घातल्या. अक्काताई मात्र बोललीच.

"हेमांगी, अगं लोक काय म्हणतील?"

हेमांगी आवाज न चढवता म्हणाली, "लोक म्हणजे कोण, ते मी शेडनंबरासकट वाचून आले, अक्का. माझं कपाट तुमच्या घरी शिकून आलंय. रेवतीनं ती हिरवी किती वेळा काढली होती, सांगू?"

अक्काताईचा घास हातातच राहिला. वाढणाऱ्या बाईनं श्रीखंड वाढलं, तिला कळलं नाही.

लग्न झालं. हेमांगी तिथंही मोरपंखीच नेसली, मंडपभर करकरत फिरली. कंपनीची कपाटं अजून विकली जातायत. मैथिली सांगते, ती वळण काढायच्या मागं लागलीय, पण त्या पाचांतलं एक घर तरी उलटं वागलेलं दिसायला हवं, नाहीतर कपाट बघणार काय?

आता दातांचं. जीभ फिरवून बघितली, पाचातला एक हलतोय, म्हणून सांगून टाकते. शिंक खरी, मोरपंखी खरा, करकर खरी. एकच गोष्ट मी बनवली. अक्काताई नावाची कुणी बाई आमच्या गावात नाही. ती साडी परत ठेवायला लावणारा हात माझा होता. रेवती माझी सून. इतका वेळ त्या कपाटावर ओरडत होते, पण राग नेमका कुणाचा येत होता, ते मला ठाऊक आहे.

ती आता माहेरी असते, जयसिंगपुरात. पांढरट, करड्या साड्या नेसते. हिरवी माझ्या ट्रंकेत होती. आज काढली, इस्त्री केली, आणि हे सांगता सांगता तिच्या दारापर्यंत आलेय. बेल वाजवलीय. दार उघडल्यावर ती आधी काय बघेल, साडी, की ती धरलेला हात?