दगडूची खिडकीची जागा

पाऊस पडला की आखातातल्या अल ऐनला सुट्टीच. साइटवर पाणी तुंबलं, मुकादम प्रल्हादकाका म्हणाले, "खलास, आज काम नाही," आणि समाधान, विघ्नेश नि ते असे तिघं पिकअप घेऊन डोंगराकडे सुटले. इथं पावसात कोणी घरात बसत नाही. सोबत थर्मासभर चहा आणि डबाभर कांदाभजी.

दगडू गेल्यापासून चार महिन्यांत समाधान पहिल्यांदाच बाहेर पडत होता. त्याचा थोरला भाऊ छाती धरून साइटवर खाली बसला, तो उठलाच नाही. शवपेटी विमानाच्या पोटातून, सामानाबरोबर गावी गेली. समाधानला रजा मिळाली नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून दोघांची जागा धरणारा दादा शेवटच्या प्रवासाला जागेविना गेला, हेच त्याला आतून कुरतडत होतं.

वर घळीत एक जुनं विमान पडलेलं होतं. सत्तर वर्षांपूर्वी असल्याच पावसात प्रवाशांसकट कड्यावर आदळलेलं. आता फाटका पत्रा आणि तीन गंजक्या खुर्च्या, एवढंच उरलं होतं.

"यल्ला, चला चला, तिकीट दाखवा!" विघ्नेश कमरेवर हात ठेवून हवाईसुंदरीसारखा मुरडला. "भजी फक्त पहिल्या वर्गाला!"

"अरे, माणसं मेलीत इथं. हळू बोल."

"मग त्यांनाही दोन ठेवू की, काका!"

समाधानला हसू फुटलं. त्याचा स्वतःचा लाल चौकड्यांचा रुमाल गळ्यात बांधलेला होता; हसता हसता त्यानं खिशातला दगडूचा निळा रुमाल काढला आणि खिडकीकडच्या खुर्चीवर टाकला.

"ही दादाची. इथं कुणी बसायचं नाही."

काकांनी खुर्च्यांचा फोटो काढला आणि विघ्नेशला घेऊन ते चहा आणायला खाली पिकअपकडे गेले.

तेवढ्यात धुकं उतरलं. आधी पायाखालचे दगड गेले, मग हात. ओल्या मातीच्या वासात अत्तराचा वास मिसळला... सिगारेटचा... गरम कॉफीचा. कुठंतरी घरघर सुरू झाली. मग हसणं. खूप माणसांचं, सहलीला निघाल्यासारखं.

गोल खिडकीशी दगडू बसला होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"दादा..." समाधान पुढे सरकला. "जागा... नीट आहे ना?"

"खिडकीची आहे, लेका! बघ, ढग खाली राहिले." दगडू लहान पोरासारखा काचेला नाक लावून हसला. "आईला सांग, बसून गेलो म्हणून."

समाधान हसत होता, रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"सम्या! चहा गार होतोय!" खालून हाक आली आणि धुकं विरलं. सगळं चिंब होतं; खिडकीची खुर्ची तेवढी कोरडी, हात लावला तर उबदार. निळा रुमाल नव्हता.

परतताना समाधान शिट्टी वाजवत होता. चार महिन्यांनी. त्याच्याकडे बघून विघ्नेशनं रेडिओ मोठा केला. काका मागच्या सीटवर फोटो चाळत होते.

"काय रे, दोन रुमाल टाकलेले होय?"

"एकच, काका."

त्यांनी फोन पुढे केला. खिडकीच्या खुर्चीवर निळा. शेजारच्या खुर्चीवर लाल चौकड्यांचा, कोपऱ्यात जळल्याचं भोक.

समाधानचा हात गळ्याशी गेला. लाल रुमाल सकाळपासून तिथंच होता, गाठ तशीच घट्ट. त्यानं कोपरा चाचपला. तिथल्या जुन्या भोकातून बोट आरपार गेलं.

दादानं एकट्यापुरती जागा कधीच धरली नव्हती.