पाचव्या अंकाचा लाल

"ताई, ताबडतोब ये! घरच्याच माणसाने गळा कापलाय!"

धाकट्या भावाचा फोन. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समोरच्या पेशंटची दाढ कशीबशी भरली आणि भावाचं जुन्या कॉमिक्सचं दुकान गाठलं. दुकान तिघांचं होतं : त्या, भाऊ आणि भावाचा शाळेपासूनचा दोस्त. तो बोलायचा कमी, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणत.

पहिल्या आवृत्तीचा म्हणून विकलेला बारा अंकांचा दुर्मीळ संच गिऱ्हाइकाने आज परत आणून आदळला होता. पाचवा अंक पहिल्या आवृत्तीतला नव्हताच. कपाटाची किल्ली भाऊ आणि मौनी, दोघांकडेच.

"मौनीला भागीदारीतून काढायचं. तू फक्त सही कर," भावाने कागद पुढे केला.

"आधी चष्मा तर लावू दे. मौनी, ती खुर्चीवरची माझी लाल पर्स दे."

मौनीने शेजारची, गिऱ्हाईक विसरून गेलेली हिरवी पर्स उचलून दिली.

"लक्ष कुठंय?" भाऊ खेकसला. "चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

या मालिकेची छपाई म्हणजे सावळा गोंधळ. नायकाचा झगा एका आवृत्तीत किरमिजी, दुसरीत विटकरी, तिसरीत शेंदरी. ट्यूबलाइटखाली मात्र पाचवा अंक बाकीच्यांत बेमालूम मिसळला होता. बाईंनी तो खिडकीशी नेला. दवाखान्यात बाई दाताचा रंगही उन्हातच जुळवत. उन्हात त्याचा वेगळा लाल उघडा पडला.

"स्वस्त आवृत्त्या कुठे असतात?"

"मागच्या खोलीत. खोकंभर आहेत."

"तिथे खिडकी?"

"नाही."

बाईंनी खोकं आणवलं. "मौनी, यातले सारख्या लाल रंगाचे दोन काढ."

मौनीचा हात थांबला. शेवटी त्याने दोन उचलले. एक किरमिजी, एक शेंदरी.

बाई भावाकडे वळल्या. "ज्याने अंक बदलला, त्याने ट्यूबखाली बसून या ढिगातून नेमका जुळणारा लाल शोधला. मौनीला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. मग उरलं कोण? तुझा ड्रॉवर उघड."

"ताई, तू माझी बहीण की त्याची?"

"उघड म्हटलं ना!"

खरा पाचवा अंक आत होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. भावाची मान खाली गेली. "चोरून विकणार होतो. गिऱ्हाइकाला कळेल असं वाटलं नव्हतं."

"मौनी, अरे, तू बोलला का नाहीस?"

"रंगीत पुस्तकांच्या दुकानात रंग न दिसणारा भागीदार कोण ठेवील, ताई? काचेत मांडायची मुखपृष्ठं कायम यालाच निवडायला लावली. याला वाटायचं, मी मान देतोय."

बाईंना रडू फुटलं. भावाला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. त्यांनी कागद ओढला, मौनीचं नाव खोडलं, तिथे भावाचं लिहिलं आणि सही केली.