पाकळी पडेना

काजूच्या बागेत माणूस शिरला की सेजलचं कुत्रं भुंकायचं आणि गुरं शिरली की आई ओरडायची. मार्चमधल्या त्या रविवारी सकाळी दोघंही गप्प राहिली, कारण आत शिरली होती एक सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, चाकं मात्र चांगली जाड... आणि वर लाल धुळीनं माखलेला एक उंच मुलगा, मोबाइलवर नजर लावून, वेचून ठेवलेल्या बोंडांच्या राशीतून आरामात चाललेला.

"नकाशात हांगा रस्तो दाखयता," तो म्हणाला.

"नकाशाक सांग, एकदा बोंडां वेचूक ये म्हणान," सेजल म्हणाली.

तो हसला नाही, ओशाळला. खाली उतरून फुटलेली बोंडं गोळा करायला लागला आणि रसानं त्याची बोटं चिकट झाली. सेजलला त्याची दया आली की तो आवडला, हे तिला तेव्हा कळलं नाही. खरं तर पुढचे दोन महिने तिला काहीच धड कळलं नाही.

त्याचं नाव साईश. डिचोलीचा. आठवडाभर म्हापशात कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि रविवारी डोंगरात रस्ते शोधायचा. सेजलच्या गावच्या, इब्रामपूरच्या रानातून निघायचं आणि खाणी बंद पडल्यापासून ओस पडलेल्या रस्त्यांनी शिरगावपर्यंत पोचायचं, तेही डांबर जमेल तितकं टाळून, फक्त खडीवरून आणि मातीवरून. असा सायकलमार्ग त्याला आखायचा होता. सेजल पेडण्याच्या शाळेत ग्रंथपाल. पण वडिलांबरोबर लहानपणापासून हे रान पायाखाली घातलेलं. कुठली वाट ओढ्यात संपते आणि कुठली कोणाच्या अंगणात, हे तिला नकाशापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्या रविवारी तो चुलतबहिणीची सायकल तिच्यासाठी घेऊनच आला.

मग दर रविवार त्यांचा झाला. निघण्याआधी तो तिचं चाक अंगठ्यानं दाबून बघायचा आणि थोडी हवा सोडायचा, म्हणजे खडीवर चाक उडत नाही. ती दमली की न बोलता वेग कमी करायचा. एकदा चढ संपल्यावर त्यानं तिच्या भुवईवरची लाल धूळ बोटानं हलकेच पुसली... आणि मग स्वतःच्याच बोटाकडे असा बघत राहिला, जसं काही ते दुसऱ्याचं होतं. तो आता बोलणार, आता बोलणार—

"हांगा चढ आठ टक्के आसा," तो म्हणाला.

घरी येऊन ती आरशासमोर बसली आणि स्वतःलाच विचारत राहिली, की ह्या माणसाला मी हवी आहे, की चढ? उत्तर काही सापडेना. विचारायची हिंमत होईना. आणि रविवार आल्यावाचून राहीना.

अशातच मे महिन्यात सावंतवाडीचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, शांत, घरचे भले. नाव ठेवायला जागाच नव्हती, हीच मोठी पंचाईत. वडील गेल्यापासून घरातले मोठे निर्णय आई आणि ग्रामदेव मिळून घेत. आईनं, म्हणजे प्रभावतीबाईंनी, रविवारीच कौल लावायचं ठरवलं. देवाच्या अंगाला चिकटवलेली उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार, आणि उजवी पडल्यावर त्या घरात पुढे चर्चा होत नसे.

सेजलनं साईशला फोन करून सांगितलं, की ह्या रविवारी जमणार नाही, लग्नाचा कौल आहे. पलीकडून तो म्हणाला, "बरं." नुसतं बरं. त्या एका बरंचा अर्थ लावण्यात तिची पूर्ण रात्र गेली.

रविवारी देवळात कृष्णनाथ गुरवांनी ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. आई डोळे मिटून, हात जोडून उभी. शेजारी सेजलही हात जोडून उभी, पण तिच्या मनात सावंतवाडी नव्हती. देवा, त्याला मी आवडते का, एवढंच सांग... एवढंच ती पुटपुटत होती.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. पाऊण तास झाला. दोन्हीकडच्या पाकळ्या जिथल्या तिथे. सावंतवाडीहून दोनदा फोन येऊन गेला. तेवढ्यात बाहेर सायकलीचा ब्रेक करकरला. सेजलनं वळून बघितलं, तर साईश पायरीवर बसलेला, हेल्मेट मांडीवर घेऊन, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा कासावीस.

गुरवांनी पायरीकडे बघितलं, मग सेजलकडे. दोन पिढ्यांचे कौल लावलेला माणूस तो.

"प्रभावती, देव गोंधळलो हा," ते शांतपणे म्हणाले. "एकाच येळार दोगांनी दोन गोष्टी इचारल्यो, तर तो कोणाक जबाब दितलो? पोरी, तुजो प्रश्न काय तो तू आधी सोडय."

सेजलचे कान तापले. आईकडे न बघता ती बाहेर आली. थेट साईशसमोर जाऊन उभी राहिली.

"तू हंय कित्याक इलंस?"

"रूट..." तो म्हणाला आणि थांबला. "ना. रूट पाडव्याआदींच पुरो जालो."

"मगे इतके आयतार?"

"दर आयताराक तुका विचारपाक येतालों. आनी चढाविशीं बोलून परत वतालों..." त्यानं हेल्मेट पायरीवर ठेवलं. "माका तूं जाय, सेजल. पाकळी डावी पडूं नाय तर उजवी."

त्याला ती हवी होती, चढ नव्हे. दोन महिन्यांचा गोंधळ एका वाक्यात निवळला, आणि सेजलला हसूही आलं, रडूही आलं, आणि त्याचा रागही आला. आधी काय करावं हे न सुचून तिनं त्याचा धुळकट हात धरला, घट्ट, आणि त्याला तसाच आत घेऊन गेली.

आईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. जाड चाकांची सायकल दारात, माणूस लाल मातीचा, पोरीचा हात त्याच्या हातात. वडील असते तर काय म्हणाले असते, हे बहुधा तिच्या मनात येऊन गेलं; तिचे डोळे भरले. सावंतवाडीला काय सांगायचं ते मी बघते, एवढं बोलून तिनं पदर सावरला आणि सवयीनं गुरवांना म्हटलं, ह्या मुलाचा कौल लावा.

"नको, आई," सेजल म्हणाली. इतकं स्पष्ट ती आईसमोर कधीच बोलली नव्हती. "ह्या खेपेक देवाक विचारूचा नाय. सांगूचा."

मग आईनंच पुढे होऊन मान डोलावली आणि गुरवांनी स्वतःच्या हातानं पाकळ्या काढून घेतल्या. पुन्हा गाऱ्हाणं सुरू झालं, की बा देवा, तुझ्या गावची ही मुलगी तुला सांगायला आली आहे... गाऱ्हाण्याचं एकेक वाक्य पुरं झालं की सगळ्यांनी मिळून रुकार द्यायचा असतो. पण पहिलं वाक्य अजून गुरवांच्या ओठांतच होतं, तेवढ्यात साईश घाईघाईनं, सगळ्यांच्या आधी, एकटाच म्हणाला,

"होय, म्हाराजा."