सतरा नंबरच्या आजींचं रेकॉर्डिंग

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी वाचू नका. माझी तक्रार नाही. मला कुणाला घाबरवायचं नाही. कानांनी जे ऐकलं आणि नाकातून जे अजून जात नाही, तेवढंच सांगते.

रात्र वगैरे नव्हती. बुधवार होता. दुपारचे सव्वातीन. जिन्यात लख्ख उजेड होता.

मी आणि कॉम्प्युटरचे सर चौथ्या मजल्यावर एका बंद दारासमोर उभे होतो.

आणि आतून आवाज आला...

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळणार नाही. पहिल्यापासून सांगते.

मी तेव्हा विद्यापीठात कंत्राटावर होते. काम टायपिंगचं. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती ऐकायच्या आणि शब्द न् शब्द उतरवून काढायचा.

त्या वर्षी विद्यापीठाने सीड फंडिंग जाहीर केलं. म्हणजे नव्या संशोधनाला सुरुवातीचा निधी. अट अशी की दोन वेगळ्या विभागांनी मिळून काम करायचं, आणि विषय तंत्रज्ञान आणि समाज यांना जोडणारा हवा. आधी छोटा प्रयोग करून दाखवायचा. तो जमला की मोठा निधी.

समाजशास्त्राच्या मॅडम आणि कॉम्प्युटरचे सर यांचं मुळीच पटत नव्हतं. कँटीनमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसायचे. जाहिरात निघाली आणि आठवड्याभरात दोघं एका टेबलावर! आम्ही ऑफिसातल्या बायका खूप हसलो होतो. "चला, स्थळ जमलं," म्हणून.

त्यांनी एक डबी बनवली. पांढरी, साबणाच्या वडीएवढी. नाव ठेवलं 'सोबत'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती सॉकेटला लावायची. रोज दुपारी सव्वातीनला डबी गोड आवाजात विचारणार, "आज कसं वाटतंय?" उलट काही विचारलं तर ठरलेलं गोड उत्तर देणार. माणूस जे बोलेल ते रेकॉर्ड होऊन आमच्याकडे येणार.

चोवीस घरं. सहा आठवडे.

त्या सहा आठवड्यांत कुणाच्या घरी जायचं नाही, फोन करायचा नाही. हा मॅडमचा नियम. "आपण लुडबुड केली तर एकटेपणा डबीमुळे कमी झाला की आपल्यामुळे, हे कसं कळणार?"

ऐकायला बरोबर वाटलं. मलाही वाटलं.

डब्या लावायला मीच घरोघरी गेले. सतरा नंबरचं घर एका आजींचं होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. रक्ताच्या, पुवाच्या, नको नको त्या चादरी उकळत्या पाण्यातून काढून पांढऱ्याशुभ्र करायच्या, हे आयुष्यभराचं काम.

त्यांचं घर म्हणजे काय सांगू! आरशासारखी फरशी. पलंगावरची चादर अशी ताणलेली की वर नाणं टाकलं तर उडेल. मला आत घेण्याआधी त्यांनी बेसिन दाखवलं.

"आधी हात धू पोरी. आणि साबण नुसता लावून सोडू नकोस, चोळ."

डबी हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली.

"हे धुता येतं का?"

"नाही हो आजी. विजेचं आहे."

"मग कसली सोबत? जे धुता येत नाही ते मी घरात ठेवत नाही. तू आलीस म्हणून ठेवते."

निघताना त्यांनी माझ्या ओढणीवरचा चहाचा डाग ओल्या फडक्याने काढून दिला. मी नको नको म्हणत होते.

पहिले दोन आठवडे रेकॉर्डिंग ऐकायला मजा यायची. आजी डबीला झापायच्या. "तुला काय करायचंय मला कसं वाटतंय ते?" मागे नळ वाहत असायचा. बादली सरकायची. स्लिपरा फटक फटक वाजायच्या.

तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, सगळं बदललं.

डबीने विचारलं, "आज कसं वाटतंय?"

बराच वेळ काही नाही...

मग आजींचा आवाज. अगदी सावकाश.

"चादर बदलायला हवी."

बस. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. "चादर बदलायला हवी गं. कुणी येईल का?"

आवाज आजारी नव्हता. रडका नव्हता. लाजल्यासारखा होता. पाहुणे दारात यावेत आणि घर आवरलेलं नसावं, तसा.

मी हेडफोन घट्ट दाबून पुन्हा ऐकलं. काहीतरी कमी होतं...

नळ नव्हता. बादली नव्हती. स्लिपरा नव्हत्या.

त्यांच्याऐवजी मागे एक बारीक गुणगुण होती. रोज थोडी वाढत होती. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "माइकचा नॉइज आहे. करतो साफ."

मी मॅडमकडे गेले. "मॅडम, सतरा नंबरच्या आजी रोज चादरीबद्दल बोलतायत. बिछान्याला खिळल्या असतील. मी एकदा डोकावून येऊ? पाच मिनिटं."

मॅडम लॅपटॉपमधून वर बघायलाही तयार नव्हत्या.

"अगं, आपल्या सगळ्या घरांत त्याच तर रोज न चुकता बोलतायत. बाकीचे दहा दिवसांत कंटाळले. तू जाऊन माझं सगळं बिघडवणार का?"

"पण त्या एकच वाक्य..."

"मग एकदाच लिही ना. पुढे 'पुनरुक्ती' लिहून काढून टाक."

आणि मी काढून टाकलं.

हे मी कुणावर ढकलत नाही. आजींचं ते वाक्य माझ्या हाताने कापलं गेलं. रोज. नोकरी कंत्राटी होती, घरी नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. कारणं काय, सापडतातच.

एका दिवशी मात्र त्या वेगळं बोलल्या. "वरची टाकी फुटली वाटतं. जिन्यातून पाणी चाललंय. केवढं पाणी... आणि माझ्या उपयोगाचं नाही." हे मी लिहून ठेवलं.

पाचव्या आठवड्यात मोठ्या निधीची समिती आली. मॅडमनी सगळ्यांना आजींचा आवाज ऐकवला. सरांनी गुणगुण पुसून टाकलेली होती. फक्त शेवटचा तुकडा होता. "कुणी येईल का?" आणि त्यावर डबीचं गोड उत्तर, "मी आहे ना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका पाहुण्यांनी डोळे पुसले.

मी मागे चहाचे कप लावत होते. मला पहिल्यांदा त्या खोलीची किळस आली.

सहा आठवडे संपले. बुधवारी सर आणि मी डब्या परत आणायला निघालो. आजींचं घर शेवटचं होतं.

दुसऱ्या मजल्यावरच वास लागला.

सरांनी रुमाल नाकाला लावला. इमारतीची देखरेख करणाऱ्या बाई जिना झाडत होत्या. त्या म्हणाल्या, "ड्रेनेजचा आहे हो. टाकी फुटली तेव्हापासून वरचं सगळं तुंबलंय. समोरचं घरही रिकामंच आहे, तक्रार कोण करणार?"

"आजी?"

"दिसल्या नाहीत बरेच दिवस. पण बोलण्याचा आवाज येतो दुपारचा. आहेत आत."

आम्ही वर गेलो. तो वास... गोडसर. जिभेवर बसणारा. तोंड बंद केलं तरी चव लागत होती.

मी बेल दाबली. एकदा. दोनदा.

सरांच्या घड्याळात सव्वातीन झाले.

आतून डबी बोलली. "आज कसं वाटतंय?"



मग अगदी दाराच्या पलीकडून, जणू फळीला ओठ लावून कुणी बोलावं तसं...

"आलीस का पोरी? आत येऊ नकोस. आधी चादर आण."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनीही ऐकलं होतं. आमच्या मागून येऊन खालच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या देखरेखवाल्या बाईंनीही ऐकलं.

"बघा," बाई म्हणाल्या, "आहेत म्हटलं ना." आणि त्यांनी आपल्याकडची किल्ली लावली.

दारामागे कुणी नव्हतं.

आजी आतल्या खोलीत पलंगावर होत्या.

तिथे काय होतं ते पूर्ण सांगणार नाही. एवढंच सांगते की ती गुणगुण माइकची नव्हती. खिडकीची काच माश्यांनी काळी झाली होती. आणि चादर... आजी आणि चादर वेगळ्या राहिल्या नव्हत्या.

देखरेखवाल्या बाई किंचाळत खाली पळाल्या. सर कोपऱ्यात ओकले.

आणि मग त्या माणसाने काय केलं माहितेय? तोंड पुसलं. त्याच रुमालाने सॉकेटमधली डबी काढली, पुसली, आणि खिशात टाकली.

"पोलिसांना फोन करायच्या आधी हे निघालेलं बरं," म्हणाले. "उगाच गैरसमज नको."

मला माश्यांची जेवढी शिसारी आली नाही तेवढी त्या खिशाची आली.

डॉक्टरांनी सांगितलं, जाऊन तीन आठवडे तरी झाले असतील. जास्तच. झोपेतच गेल्या असाव्यात.

मी तारखा मोजल्या. तो गुरुवार आणि हा बुधवार, मध्ये सत्तावीस दिवस. सत्तावीस रेकॉर्डिंग.

सर म्हणाले, "जुनी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा अपलोड झाली असतील. सॉफ्टवेअरमध्ये बग असतो."

"मग टाकी?" मी विचारलं. "टाकी मागच्याच्या मागच्या आठवड्यात फुटली. देखरेखवाल्या बाईंना विचारा. मेलेल्या माणसाला जिन्यातलं पाणी कसं दिसलं?"

त्यांनी फाइलचं नाव तेवढं विचारून घेतलं. संध्याकाळी ती फाइल सर्व्हरवर नव्हती.

मला वाटलं होतं, आता तरी सगळं थांबवतील. निदान आजींचं पान अहवालातून काढतील.

मॅडम मला केबिनमध्ये घेऊन गेल्या. दार लावलं. खांद्यावर हात ठेवला.

"वाईट झालं गं. फार वाईट. पण विचार कर, शेवटच्या क्षणापर्यंत त्या आपल्या डबीशी बोलत होत्या. किती मोठी गोष्ट आहे ही!"

"शेवटच्या क्षणानंतरही," मी म्हणाले.

मॅडम हसल्या. खरंच हसल्या. "ते कुठे लिहू नकोस हं."

पुढे अहवाल छापून आला. 'सहभागी क्रमांक सतरा: सर्वाधिक आणि सातत्यपूर्ण संवाद.' मोठा निधी मिळाला. आता तीनशे घरं. डबी हातात धरून दोघांचा फोटो विद्यापीठाच्या दारात लागला.

मी मात्र त्या दिवशी केबिनमधून निघाले ती राजीनामा देऊनच. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "भाकरी कोरडी खाऊ, पण तिकडे जाऊ नकोस."

आजींचं जवळचं कुणी आलं नाही. एक भाचा होता, त्याने फोनवरच हात झटकले. मी एक पांढरी सुती चादर घेतली. तीनदा धुतली. कडक उन्हात वाळवली. इस्त्री केली. शवागारातल्या माणसाच्या हातात दिली आणि म्हटलं, "दादा, यात गुंडाळा त्यांना. आणि आधी तुमचे हात धुवा."

त्याला मी वेडीच वाटले असेन. पण त्याने धुतले. साबण चोळून.

त्या रात्री मी दीड महिन्यात पहिल्यांदा नीट झोपले. वाटलं, आजी सुटल्या. मीही सुटले.

दोन महिन्यांनी मॅडमचा फोन आला.

"घरी येतेस का? जरा काम आहे. आजच ये."

जायचं नव्हतं. पण आवाज ऐकून गेले. त्या एकट्या राहतात. दार त्यांनीच उघडलं. मला आधी ओळखूच आल्या नाहीत. केस ओले. अंगाला साबणाचा उग्र वास. हात कोपरापर्यंत लाल, सालं निघालेली, काही ठिकाणी रक्त.

घरात सगळीकडे चादरी वाळत होत्या. खुर्च्यांवर, दारांवर, पुस्तकांच्या कपाटावर. पंधरा-वीस तरी असतील.

"बस ना," त्या म्हणाल्या. बसायला जागा नव्हती.

"मॅडम, बरं नाहीये का तुम्हाला?"

त्या माझ्या अगदी जवळ आल्या. त्या बाईंना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"खरं सांग. तुझ्याशिवाय कुणी खरं सांगणार नाही. डॉक्टर म्हणतात मनाचे खेळ आहेत. सर म्हणतात सुट्टी घ्या. तू सांग... तुला इथे कसला वास येतोय का?"

मी श्वास घेतला.

गोडसर. जिभेवर बसणारा. त्यांच्या मागे, झोपायच्या खोलीच्या बंद दारातून येत होता.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. लहान मुलासारख्या.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "कसलाच वास नाही. पुनरुक्ती होतेय तुमची."

आणि मी जिना उतरले. मागे नळ सोडल्याचा आवाज आला.

त्या दाराआड काय होतं, मला माहीत नाही. मॅडम आहेत की नाहीत, तेही मी कुणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

आजींबद्दल मी खोटं बोलले नव्हते, फक्त गप्प बसले होते. इथे मात्र मी खोटं बोलले. आणि बोलताना मला बरं वाटलं.

हल्ली मला सगळ्यात जास्त किळस त्या बरं वाटण्याची येते.