डाव्या टोकाचं दार

ही गोष्ट खरी आहे. मी आयुष्यभर थट्टामस्करीचं लिहिलं, त्यामुळे माझ्या खऱ्या गोष्टींवर घरातलेसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. तुम्हीही ठेवू नका, हरकत नाही. पण वार शुक्रवार होता, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि जागा होती एका कला महाविद्यालयाचा तळमजल्यावरचा हॉल.

अंधार नव्हता. वारा नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या.

ज्या मुलीच्या डोळ्यांसमोर हे घडलं, ती माझी सख्खी भाची. तिला मित्रमंडळी ‘फूटपट्टी’ म्हणतात, कारण ती कप ठेवण्याआधी टेबल मोजते. आणि ज्याच्यावर बेतलं, तो माझा मुलगा. त्याचं नाव पडलं होतं ‘कोळसा’. तो फक्त कोळशाने चित्रं काढायचा. त्यात डावखुरा. काढताना हात कागदावरून घासत जायचा, त्यामुळे डाव्या तळव्याची कड कायम काळी. सोफा, पडदा, फ्रिजचं दार... साहेब घरात कुठे कुठे टेकले, ते विचारावं लागत नसे.

ही दोघं धरून एकाच वर्गातली पाच मुलं. शेवटच्या वर्षाचं एकत्र प्रदर्शन. विषय ठरला ‘चार भिंती’. विषय ठरवायला त्यांना दोन महिने लागले आणि चित्रं काढायला तीन आठवडे. कलेत असंच असतं म्हणे.

कुठलं चित्र कुठे लावायचं यावरून भांडणं नकोत, म्हणून फूटपट्टीने हॉलचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. खऱ्या हॉलच्या विसाव्या भागाएवढं. छप्पर नाही, नुसत्या भिंती. हॉलला खिडकी नाही, दार एकच, समोरच्या लांब भिंतीत, उजव्या टोकाला. मॉडेलमध्येही तिने ते तिथेच कापलं. नखाने ढकललं की उघडेल असं.

प्रसिद्धीचं काम भोंग्याकडे. हा पाचांतला तिसरा. याचा आवाज ऐकला की नाव का पडलं ते कळतं.

“फूटपट्टे, समोरची भिंत काढ. आतला फोटो घ्यायचाय पोस्टरसाठी. लोकांना वाटलं पाहिजे, सगळं लागून तयार आहे!”

“तयार काय आहे? कोळशाची दोन चित्रं अजून त्याच्या डोक्यात आहेत.”

“डोक्यातली सगळ्यात भारी असतात,” कोळसा म्हणाला.

तिने भिंत काढली. भोंग्याने फोटो घेतला. मग म्हणाला, मजा नाही, दारही दिसू दे, भिंत परत लाव, वरून घेतो. आणि लवकर, छापखाना सहाला बंद होतो.

तिने गोंद लावला आणि भिंत परत बसवली.

उलटी.

पुठ्ठा दोन्हीकडून पांढरा. घाईत आतली बाजू बाहेर गेली, आणि उजव्या टोकाचं दार डाव्या टोकाला आलं. अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणाऱ्या मुलीच्या हातून ही चूक झाली. पाचांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. दोनशे पोस्टरं छापली आणि गावभर चिकटवली. दोनशे ठिकाणी त्या हॉलचं दार डाव्या टोकाला होतं.

छापलेलं खरं मानायची आपल्याला सवय असते.

त्या हॉललाही असावी.

तर तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. बाकीचे दोघे चहाला गेलेले. भोंगा बाहेर उरलेली पोस्टरं लावत होता. हॉलमध्ये दोघंच. फूटपट्टी शिडीवर, चित्रांची ओळ सरळ आहे का बघत. कोळसा खाली बसून खिळे निवडत. मॉडेल मधोमध स्टुलावर, शेजारी कटर.

शेजारच्या खोलीत सकाळपासून कोणीतरी टेबल टेनिस खेळत होतं. टिकटॉक, टिकटॉक. फूटपट्टीचं डोकं उठलं होतं.

ते थांबलं.

तिला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की रस्त्यावरच्या गाड्याही थांबल्यात. पंख्याचाही आवाज येत नाहीये. पंखा मात्र फिरतोय...

आणि मग कोणीतरी दार वाजवलं.

टक. टक. टक.

“आला भोंगा,” कोळसा उठला. “दार उघडंच आहे की रे, वाजवतोस काय पाहुण्यासारखा!”

तो डावीकडे चालत गेला.

“अरे, तिकडे कुठे?”

“दार उघडायला.”

फूटपट्टीने वळून पाहिलं. डाव्या टोकाला दार होतं. तेच हिरवं दार. तीच पितळी कडी. तिने उजवीकडे पाहिलं.

उजवीकडे भिंत होती. पांढरी, गुळगुळीत. एका खिळ्याचंही भोक नव्हतं.

“कोळशा, थांब. ते दार नाहीये.”

“मग काय आहे, खिडकी?”

“त्या भिंतीमागे पाण्याची टाकी आहे. मी मापं घेतलीत!”

“तुझ्या मापांनी जीव नकोसा केलाय, बाई,” तो हसला, आणि डावा तळवा दारावर ठेवून त्याने ते ढकललं.

पलीकडे टाकी नव्हती.

पलीकडे हॉल होता. असाच. ट्यूबलाइट चालू. चित्रं लागलेली. मधोमध स्टूल. शिडीसुद्धा होती.

शिडीवर कोणी नव्हतं.

“अगं फूटपट्टे,” आत पाऊल टाकत तो म्हणाला, “इथे तर...”

दार बंद झालं. हिरव्या रंगावर काळ्या तळव्याचा ठसा तेवढा राहिला.

ती शिडीवरून कशी उतरली, तिला आठवत नाही. दारापर्यंत गेली. कडीला हात लावणार, तेवढ्यात पलीकडून...

टक. टक. टक.

“कोळशा?”

पुन्हा टक. टक. टक.

“कोळशा, बोल ना! नुसतं वाजवू नकोस!”

टक. टक. टक.

तिने हात मागे घेतला. तो बोलल्याशिवाय वाजवत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. न्हाणीघराचं दार वाजवतानाही तो भाषण करायचा.

तिने भोंग्याला फोन लावला. फोन लागला. लगेच लागला.

“भोंग्या, कुठे आहेस? आम्ही अडकलोय. दार उघड.”

“दार उघडंच आहे,” भोंगा म्हणाला. “मी दारातच उभा आहे. तुम्ही दोघं कुठे तडमडलात?”

“हॉलमध्ये!”

“चल, काहीतरीच. हॉल रिकामा आहे.”

इतका मोठा आवाज त्या मुलाचा. चार पावलांवर उभा होता म्हणे. पण तो तिला फक्त फोनमधून ऐकू येत होता...

तिने भिंतीवर मुठी आपटल्या. फोनमध्ये विचारलं, “ऐकू येतंय?” तो म्हणाला, “काय?” आणि फोन कट झाला.

चार भिंती. खिडकी नाही. दार एकच, आणि त्याच्यामागे न बोलणारं कोणीतरी. हवा जड व्हायला लागली होती. ती मधोमध येऊन स्टुलाला टेकून उभी राहिली, सगळ्या भिंतींपासून सारखंच अंतर ठेवून. मोजलं नाही म्हणे. पहिल्यांदाच.

तेव्हा तिची नजर मॉडेलवर गेली.

दार डावीकडे.

तिने ते मनात फिरवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिला कळलं, भिंत उलटी बसलीय.

भिंत उपटून सरळ करावी म्हटलं, तर गोंद दगडासारखा वाळलेला. तिने कटर उचललं. उजव्या टोकाला, जिथे दार हवं होतं तिथे, पहिली उभी रेघ कापली.

खऱ्या भिंतीत काहीतरी करकरलं.

डावीकडची टकटक वाढली. जोरात. भराभर.

दुसरी रेघ. मग वरची आडवी. तिने नखाने पुठ्ठा ढकलला, आणि उजव्या कानाला एकदम ऐकू आलं... टिकटॉक, टिकटॉक. टेबल टेनिस.

उजव्या टोकाला दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं.

ती पळत सुटली. उंबऱ्यावर थांबली. एकटी कशी जाणार? मागे वळून जीव खाऊन ओरडली, “कोळशा, दार इकडे आहे! ये!”

डाव्या टोकाचं दार उघडलं. तो धावत आला. पूर्ण हॉल पार करून, तिचा हात धरून बाहेर.

“सुटलो,” तो म्हणाला.

मागे पाहिलं तर डावीकडे साधी भिंत. समोर भोंगा, हातात चिकटपट्टी, तोंड उघडं. “कुठून आलात रे?”

हे सगळं आठ दिवसांनी तिने मला सांगितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं, की मुलगा सुधारला. जेवण झालं की ताट उचलायला लागला. “बाबा, गोळी घेतलीत का?” विचारायला लागला. सोफ्यावर एक डाग नाही. आमची ही म्हणाली, “प्रदर्शनाने जबाबदारी आली हो पोराला.” मुलगा चांगला वागतो, ही तक्रार घेऊन माणसाने जायचं कुठे?

फूटपट्टीला मात्र उद्घाटनाच्या दिवशीच कळलं होतं. अभिप्रायाच्या वहीत तो सही करत होता. उजव्या हाताने. झोकात. हात स्वच्छ.

“तू डावखुरा आहेस ना?” तिने विचारलं.

“कधीपासून?” तो म्हणाला आणि गोड हसला.

तिने गप्प राहून आठवडा काढला. कोणाला सांगणार? रविवारी प्रदर्शन उतरवलं. हॉल रिकामा झाला, गर्दी गेली, आणि मॉडेल उचलताना तिला ऐकू आलं. इतकं बारीक, की घड्याळ वाटावं.

टक. टक. टक.

ते मॉडेल छातीशी धरून ती थेट माझ्याकडे आली. कोळसा घरी नव्हता. म्हणजे, जो काही होता तो घरी नव्हता. हिची दुपारची झोप चालू होती. तिने मॉडेल जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मी भिंग घेऊन पाहिलं. डाव्या टोकाच्या चिमुकल्या दारावर मुंगीएवढा काळा ठिपका होता.

“मामा, ऐका.”

तिने तोंड जवळ नेलं. “कोळशा, तू आहेस का? असशील तर एकदाच वाजव.”

आम्ही कान लावले.

टक.

“तुझा कोणता हात काळा असतो? डावा असेल तर एकदा. उजवा असेल तर दोनदा.”

आम्ही दोघं श्वास धरून...

टक.

आणि मग काहीच नाही. आम्ही पुष्कळ थांबलो. दुसरी टकटक आली नाही.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नख दारावर टेकलं होतं. “मामा, उघडू?”

आता मी तुम्हाला खरं सांगतो. मला भीती वाटली, हे खरंच आहे. आतून कोण येईल, आला तर घरात दोघं होतील, मग त्या दुसऱ्याचं काय, हे सगळं डोक्यात आलं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. सकाळी त्याने माझ्या चष्म्याची काडी बसवून दिली होती. माझ्या शेजारी बसून अर्धा तास गप्पा मारल्या होत्या. आमच्या कोळशाने गेल्या पाच वर्षांत माझ्याशी सलग अर्धा तास काढला नव्हता. आम्ही एकमेकांना टोमणे मारायचो आणि आपापल्या खोलीत जायचो.

“आज नको,” मी म्हणालो. “तुझ्या मामीला उठू दे, तिच्याशी बोलतो. उद्या सकाळी ये.”

“उद्या?”

“एका दिवसाने काय होतंय?”

तिने मॉडेल टेबलावरच राहू दिलं. लहान मुलगी मोठ्यांच्या शब्दावर ठेवते तसा विश्वास ठेवून गेली. हिला मी काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी उठून बाहेर आलो, तर तो टेबलाशी बसला होता. बोटाला गोंद.

“बाबा, या मॉडेलचं एक दार ढिलं झालं होतं,” तो म्हणाला. “चिकटवून टाकलं.”

मी म्हणालो, “बरं केलंस.”

तोंडातून कसं निघालं, मला माहीत नाही. निघालं एवढं खरं.

फूटपट्टी नऊला आली. दार बघितलं. पिशवीतून कटर काढून गोंद कापला. दार उघडलं. आत पुठ्ठा होता. बोटभर चित्रं होती. दुसरं काही नव्हतं.

“कोळशा,” ती म्हणाली, “एकदा वाजव.”

आम्ही थांबलो.

“एकदाच रे...”

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. तो चहा करत होता. तिने कटर मिटलं, पिशवीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “मामा, काल का नाही म्हणालात?”

ती गेली. त्याला आता सात महिने झाले. ती आमच्याकडे येत नाही, फोनही घेत नाही.

रोज सकाळी सात वाजता माझ्या खोलीचं दार वाजतं. टक, टक, टक. तो कधी हाक मारत नाही. नुसता वाजवतो आणि उभा राहतो. मी दार उघडतो. तो उजव्या हाताने कप पुढे करतो.

मी घेतो.