कमळाची वडी

लेकीची शपथ घेऊन सांगितलं असतं, पण गोष्ट तिच्याच जिवाची आहे. पटलं तर पटलं.

१४ ऑगस्ट. ओबोन, म्हणजे आमचे पितर घरी येतात ते दिवस. दुपारचे अडीच.

कानाझावापासून तासाभरावर माझं माहेर. तिथं राकुगानचं छोटंसं संग्रहालय आहे. साखर आणि तांदळाचं पीठ लाकडी साच्यात दाबून केलेली ही वडी. बाहेर ऊन फार, म्हणून सुझुनोला घेऊन आत शिरले. ती चार वर्षांची.

संग्रहालय सांभाळणाऱ्या मोरिशिता आजी एकट्याच होत्या.

"हिच्या गालांचाच साचा करून ठेवते बघ," म्हणत त्यांनी तिला जवळ घेतलं. मग मला भिंतीवरचे जुने साचे दाखवू लागल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून...

टक. टक.

साचा उलटा आपटला की वडी सुटते. तो आवाज.

"आत कोण काम करतंय, आजी?"

"कुणी नाही. सकाळी मीच एक वडी पाडली, नैवेद्यापुरती."

मी वळले... सुझुनो शेजारी नव्हती.

ती आत होती, पितरांच्या देव्हाऱ्यापुढे. हातात त्या वडीचं पांढरं कमळ. अर्धं खाल्लेलं.

"ताईनं दाखवली," ती म्हणाली.

खोलीत कुणीच नव्हतं.

पितरांपुढे ठेवलेलं आधी त्यांनी खायचं. मग उतरवायचं, मग आपण. आमच्याकडे पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. सुझुनोला शिकवायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं.

आजी रागावल्या नाहीत. फक्त रिकामी ताटली सरळ करून ठेवली.

"माझ्या धाकट्या बहिणीची होती गं ती. युद्ध संपलं त्याच्या पुढच्या साली गेली. हिच्याहून जराशी मोठी. शेवटपर्यंत साखर मागत होती."

मी वाकून माफी मागितली.

"माझी मागून काय उपयोग? हिनं तिच्याआधी खाल्लं."

त्या दिवसापासून सुझुनो जेवताना थांबते. वाटी पुढ्यात, हात मांडीवर.

"खा ना गं, राणी."

"थांब आई. आधी ती."

मग कधीतरी म्हणते, "झालं तिचं. वाजवलं तिनं." आणि जेवते.

पहिले काही दिवस मला काहीच ऐकू यायचं नाही.

मग येऊ लागलं. टेबलापलीकडून... टक.

एकदा आवाज झाल्यावर तिच्या वाटीतला भात मी चाखून पाहिला. लोणचं लावून पाहिलं. कशालाच चव नव्हती.

आजींना विचारायला गेले. दाराला कुलूप. ओबोन संपताच त्या वारल्या, असं शेजारीण म्हणाली.

सुझुनोचं वजन दोन किलोंनी उतरलंय. डॉक्टरांना काही सापडत नाही. तिचं थांबणं मात्र रोज लांबत चाललंय.

आणि काल सकाळपासून तो आवाजच आलेला नाही.

"आई, तिचं पोट भरतच नाहीये," एवढंच म्हणाली. पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

आत्ता माझ्या मांडीवर डोळा लागलाय तिचा. वाटी समोर आहे. भात केव्हाच गार झालाय.

ज्या आवाजानं माझ्या अंगावर काटा यायचा...

त्याच्यासाठीच कान लावून बसलेय.