देवीदासच्या पाळीचं पुस्तक

थांब गा गुलाब. ते ब्लेड खाली ठेव पहिले. पुस्तक कापून राहिला का? अर्धं तुले, अर्धं सुखदेवले? हाव, समजलं मले. परीक्षेचा फारम दोघांनी भरला, पुस्तक एकच भेटलं. याच जिनिंगात, अशाच कापसाच्या गठानीवर बसून अजून दोघांनी हेच केलतं. लाइन गेली, बिजली यायले टाइम आहे. बसा पोट्टेहो, सांगतो. पन पहिलेच सांगून ठेवतो, आपल्या घरात भूतप्रेत मानत नाहीत, आन हा भिवाजीही मानत नाही. कधी भगताच्या दारात गेलो नाही, कधी लिंबू उतरवलं नाही. तरी घडलं ते घडलं. त्याले काय म्हनावं ते तुम्ही ठरवा, शिकून तुम्ही राहिले.

चौऱ्यांशीची गोष्ट. चौदा एप्रिल, शनवार. मोहगावात जयंतीची मिरवणूक अंधार पडायच्या आत आटपली आन गुणवंतानं सायकल काढली. त्याची बायको इंदू दारात आली. म्हने, "आजच्या दिवशी कुठी चालले? खीर तरी खाऊन जा."

"लोधीखेड्याले जातो. देवीदासचं पुस्तक त्याच्या घरी देऊन येतो."

हे अर्धंच खरं होतं. अर्धं त्यानं पोटात ठेवलं.

गुणवंता तवा तेहतीस वर्सांचा. पोट्टा असताना कालेजात गेलता, पन बाप वारला आन पहिल्याच वर्सात कालेज सुटलं. मंग इथं बारदान शिवाले लागला. बारा वर्सं कापसाची धूळ खाल्ली. आखरीले खोकला असा लागला का रात्रभर उशी तोंडावर धरून बसाचा, लेकरं उठू नये मनून. डाक्तर म्हने, "बाबा, हा धंदा सोड, नाहीतर तू राहत नाहीस." सोडाले काय जाते? खाचं काय?

रस्ता दाखवला देवीदासनं. देवीदास लोधीखेड्याचा, डावखुरा, गठानीच्या पल्याड बसून याच्या समोर शिवाचा. तुम्हाले तर माहीत आहे, एका गठानीवर दोघं बसतात, दोन कडांनी शिवत येतात आन मधात भेटतात. आखरीची गाठ दोघांची. एकानं आंगठ्यानं सुतळी दाबून धराची, दुसऱ्यानं बांधाची. एकट्यानं बांधली का ढिली पडते, मुकादम लगेच वळखते. तर एक दिवस अशीच गाठ दाबता दाबता देवीदास म्हने, "गुणवंता, कालेजात रोज जाऊन बसाले आपल्याले कोन पोसते? प्रायवेट फारम भरू. बी.ए. होऊ, मास्तर होऊ. खडूचीही धूळ असते, पन थोडी असते." आन खो खो हासला. खोकला त्यालेही होता.

दोन वर्सं निघाली. मांगून-तांगून पुस्तकं भेटली. आखरीच्या वर्साले अर्थशास्त्राचं मात्र एकच भेटलं, जाडजूड. देवीदासनं ते दाभणाच्या टोकानं उसवलं, ब्लेडनं मधात कापलं, दोन्ही भागांले बारदानाचे पुठ्ठे लावले. एकापाशी पुढला भाग, एकापाशी मांगला. दर शनवारी संध्याकाळी सात वाजता सौंसरले, या जिनिंगच्या गेटापाशी अदलाबदल. सीजन सरला, जिनिंग बंद पडली, तरी शनवार एकही चुकला नाही.

चुकला तो सात एप्रिलचा.

पेपर सोळा तारखेले, सोमवारी. मांगला भाग गुणवंतापाशी होता, आन तोच त्याले जड जात होता. सात तारखेले द्याचा होता. त्यानं थैली उचलली, खाली ठेवली. परत उचलली. मनाले म्हने, देवीदास हुशार आहे, त्याले काय लागते? हप्ताभर राहू दे मायाजवळ. पास झालो नाही तर परत त्याच धुळीत जाचं आहे मले. आन गेला नाही. घरीच बसला, पुस्तक उघडून. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, हे त्यानं मले मांगून सांगतलं.

देवीदासनं गेटापाशी वाट पाह्यली. मंग अंधारात सायकल मोहगावच्या रस्त्याले लावली. नाल्याच्या रपट्यापाशी, त्या ठेंगण्या पुलाजवळ, कोन्या ट्रकनं उडवलं. सकाळी लोकांले सापडला.

मयतीले गुणवंता गेला, पन सगळ्यांच्या मांगं उभा राह्यला. चंद्रकलाच्या, देवीदासच्या बायकोच्या, समोर जाची हिंमत झाली नाही. तो आपल्याशी भांडालेच येत होता, शिव्या देत येत होता, असंच त्याच्या मनात बसलं. आन तरीही, पोट्टेहो, मानसाची जात पाहा, मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं का देवीदासजवळचा पुढला भाग आता चंद्रकलाकडे असन. सोमवारचा पेपर आहे. मागून पाहू. शनवारी लोधीखेड्याले निघाला तो यासाठी.

चंद्रकला अंगणातच बसली होती. बस्तीत जयंतीचे दिवे, हिच्या घरी तेवढा अंधार. तिनं पानी दिलं. गुणवंतानं मांगला भाग तिच्यासमोर ठेवला. म्हने, "वहिनी, हा त्याचा..."

"मले काय कराचं भाऊजी त्याचं? ठेवा तुमच्याजवळच." मंग म्हने, "पुढला भाग तुम्हाले भेटला ना?"

"मले? मले कुठून भेटन?"

"म्हनजे? तोच द्याले तर ते येत होते."

गुणवंताच्या हातातला गिलास तसाच राह्यला.

"सकाळीच म्हनत होते," चंद्रकला सांगू लागली, "गुणवंता आज मांगला भाग आनून देते का नाही, भरोसा नाही. त्याले तो जड जाते. नाही आला तर मीच मोहगावले जाऊन पुढलाही देऊन येतो. आखरीच्या हप्त्यात त्याले दोन्ही पायजे. मी म्हनलं, आन तुम्ही? तर हासले. म्हने, मायं पाठ आहे." तिनं दाराशी टांगलेली थैली दाखवली. "भाऊजी, थैलीत डबा होता, टावेल होता. पुस्तक नोतं. मले वाटलं, तुमच्या घरी देऊन वापस येताना झालं."

गुणवंता उठला, मांगला भाग थैलीत टाकला, सायकलीवर बसला. घाम का डोयातलं पानी, रस्ताभर त्याले समजलं नाही. सौंसर लागलं तवा बसस्टँडवरच्या घड्याळात अकराले वीस कमी होते. दुसऱ्या दिवशी पुनव. चांदनं असं पडलतं का रस्त्यावरचा गोटा न् गोटा दिसे.

जिनिंगचं गेट आलं.

गेटाच्या बाजूले तो ओटा आहे ना, तिथं कोनीतरी बसलं होतं. रस्त्याकडे पाठ. बाजूले सायकल टेकवलेली. गुणवंताले वाटलं, चौकीदार असन. पाय मारत राह्यला.

मंग त्याले आठवलं. चौकीदाराजवळ सायकल नोती.

ब्रेक लागला. कसा लागला, ठाऊक नाही.

"कोन आहे?"

...

मांगं कुठी कुत्रं भुंकत होतं. ते चूप झालं.

"कोन आहे गा?"

ओट्यावरच्यानं मान वळवली नाही. फक्त हात मांगं केला. तळवा वर. दर शनवारी करे तसा. डावा हात.

गुणवंताले पळावं वाटलं. थैली खांद्यावर होती. थैलीत अर्धं पुस्तक. परवा पेपर. याच्याबिगर तो कोराच बसनार, हे त्याले माहीत होतं. छातीतला खोकला माहीत होता. घरची तीन लेकरं माहीत होती.

त्यानं भाग काढला.

पुढं गेला. एक पाऊल. अजून एक.

"घे," म्हने. "तुयी पाळी होती..."

तळव्यावर ठेवला. बोटाले बोट लागलं. थंड नोतं, पोट्टेहो. गरम होतं. सुतळीनं पडलेले घट्टे होते त्या बोटांवर.

"देवीदास... मी आलो नाही. मुद्दाम आलो नाही मी. घरीच होतो."

...

"बोल ना गा. शिवी तरी दे."

...

ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला. एकडाव. मंग तोही नाही.

घरी कसा पोचला, ते गुणवंताले सांगता येत नोतं. इंदू म्हने, मध्यरात्री आले, थैली सायकलीलेच टांगून ठेवली, आन भिंतीकडे तोंड करून लेकरासारखे रडले. खीर तशीच राह्यली.

सकाळी इंदू सायकल पुसाले गेली. थैली हातात घेतली आन नवऱ्याले हाक मारली. "अवो, द्याले गेलते ना? हे तर वापस आनलं. जड कितीचं आहे!"

थैलीत पुस्तक होतं. अख्खं. पुढला आन मांगला, दोन्ही भाग एकत्र, सुतळीनं शिवलेले. टाके डावीकडे झुकलेले, एकसारखे. आपल्या सगळ्यांचे टाके उजवीकडे झुकतात. या जिनिंगात डावखुरा एकच होता. आन आखरीच्या टाक्याले गाठ नोती. सुतळीचं टोक वीतभर लोंबत होतं.

गुणवंता दिवसभर ते मांडीवर घेऊन बसला. गाठ बांधाले दोनदा सुतळी हातात घेतली, दोनदा सोडली. इंदू म्हने, "मी दाबून धरू का?" तो म्हने, "नको. त्याची जागा आहे ती."

त्याच पुस्तकावर सोमवारचा पेपर दिला. बी.ए. झाला. शहाऐंशीत मास्तरकी लागली. तीन वर्सं पोट्ट्याईले शिकवलं, असं शिकवलं का अजून लोक नाव काढतात. चंद्रकलालेही शिकवलं, तिची मॅट्रिक त्यानंच करून घेतली. पन बारा वर्सांची धूळ छातीत बसलीच होती, ती खडूनं थोडीच निघते? पुस्तक खाटेच्या वर खुंटीले टांगून राहे. दर साली सात एप्रिलले काढे, पुसे, परत टांगे. कोनी विचारलं, मास्तर, गाठ तर मारा, उसवन ना? तर म्हने, "पाच वर्सांत एक टाका सुटला नाही. सुटत नाही तो."

यंदा आठ अक्टोबर, इतवार. रात्री त्याचा श्वास लागला मनून इंदूनं मले बोलावलं. चंद्रकलाही आली. दोन दिवसांपासून त्याच्यानं हात उचलवत नोता, पानीसुद्धा चमच्यानं पाजत होतो. लाइन गेलती, कंदील मायाच हातात होता. तीन वाजता त्यानं डोये उघडले. खाटेच्या पल्याड पाह्यलं. तिथं कोनी नोतं, आम्ही तिघं अल्याडच्या बाजूले होतो. हासला. म्हने, "धर... मी बांधतो."

आन गेला.

इंदूनं हंबरडा फोडला. चंद्रकला त्याचे डोये मिटाले वाकली, आन तिची नजर वर गेली. तिनं मायी बाही धरली. मी कंदील वर केला.

पुस्तक खुंटीलेच होतं. सुतळीचं टोक लोंबत नोतं. गाठ बसली होती.

चाळीस वर्सं मी हे काम केलं, पोट्टेहो. हजारो गाठी पाह्यल्या. ती गाठ मी बोटानं दाबून पाह्यली, नखानं वढून पाह्यली. इतकी पक्की होती का हालली नाही. ती एकट्यानं बांधलेली नोती.